बांधावरचा पारेकर

पाद्रीबाब, तुम्ही विचारलंत, रोज प्रार्थना करतोस का.
हो म्हणालो असतो तर आणखी एक पाप वाढलं असतं.
म्हणून बांधाचं सांगतो.

बोटीवरून कायमचा जुव्याला परतलो तेव्हा
दोन बॅगा होत्या आणि हातांना कंप.
त्या उपवासकाळात म्हापशाला तीन दिवस रेतिराला बसलो.
शेवटच्या रात्री इतका रडलो की शेजारच्याने रुमाल दिला.
वाटलं, झालं. आत दिवा लागला.
बुधवारपर्यंत टिकला.
गुरुवारी तावेर्नात माझी खुर्ची रिकामी होती,
जणू कोणी राखून ठेवलेली.

आनाक्लेत तेव्हा ऐंशीच्या पुढचा.
दारूबद्दल चकार शब्द नाही.
म्हणाला, उद्या भरतीच्या आधी बांधावर ये.
किती वाजता?
पाण्याला विचार.

तुमची घंटा जागची हलत नाही, पाद्रीबाब:
सकाळ, दुपार, तिन्हीसांज.
भरती मात्र रोज पाऊण तास सरकते.
आज पहाटे आली तर आठवड्याने भर दुपारी,
जेवणाच्या ताटावरून उठवते.
आणि आमची शेतं नदीपेक्षा खाली आहेत,
हे भात खाताना कोणाला आठवतं?

कुर्लीचं भोक केवढं? नाण्याएवढं.
पेंढा कोंबायचा, वर चिखल, मग टाचेने दाबायचं.
म्हातारा दर भोकाला एक नमान मारिये पुटपुटे.
पन्नास झाली की म्हणे, तेर्स संपला,
भोकं नाही संपली. चल, पहिल्यापासून.

मी नुसते ओठ हलवायचो.
एक दिवस सांगूनच टाकलं, आत काहीच होत नाही.
बरं, म्हणाला,
मग चिखल तरी नीट दाब.

सप्टेंबरच्या पुनवेला झोपून राहिलो.
प्यालो नव्हतो, ताप नव्हता. आळस, दुसरं काही नाही.
सकाळी नाण्याचा दरवाजा झाला होता,
आणि एस्पेरांसाचं अर्धं भात
उभ्या उभ्या करपायला लागलेलं.
म्हातारा टोपली घेऊन आला, काठी टेकत.
मी शिव्यांची वाट बघत होतो.
समुद्र रागाने आला नाही रे, म्हणाला,
तो रोजच येतो.
तू आला नाहीस, एवढंच.

ते मीठ धुवायला तीन पावसाळे लागले.
दर वर्षी एस्पेरांसाच्या बलकांवात भाताचं पोतं ठेवलं.
पहिलं तिने रस्त्यावर ढकललं.
दुसरं निमूट आत ओढलं.
तिसऱ्या वर्षी, थांब, म्हणाली,
आणि कागदाच्या पुडीत भेंडीचं बी दिलं,
आपलं, सात धारांच्या भेंडीचं.

आनाक्लेतला पुरून दोन वर्षं झाली.
त्याचं फावडं माझ्याकडे आहे.
डावखुरा होता तो. दांड्यावरची झीज
माझ्या मुठीत अजून बसत नाही.

दिवा पुन्हा लागला नाही. खरं तेच सांगतो.
रविवारी तुम्ही तळहातावर ओस्त ठेवता
तेव्हा नखांतला चिखल दिसत असेल.
साबणाने घासून येतो, निघत नाही.

परवा मात्र एका भोकाशी वाकलो होतो,
नमान अर्ध्यावर,
आणि पलीकडून पाणी बांधाला लागलेलं ऐकू आलं,
हळू, गाय गोठ्याच्या खांबाला अंग घासते तसं.
किती वेळ तसाच होतो, माहीत नाही.
पुटपुटणं कुठे थांबलं, तेही नाही.
मग टाच ठेवली, दाबलं.
पुढच्या भोकाकडे गेलो.

याला तुम्ही काय म्हणता, मला ठाऊक नाही.
प्रायश्चित्त काय ते लवकर सांगा, पाद्रीबाब.
पाणी चढायला लागलंय.